व्हर्ना केसलशी जोडी

व्हर्ना केसल जिवंत आहे की नाही, यावर राज्याच्या सिनेटमध्ये पक्षनिहाय मतभेद होते.

आर्लो ट्वेटच्या पक्षातल्या लोकांच्या मते ती जवळजवळ गेलेलीच होती. पलीकडच्या बाकांवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या पक्षात, ती ठणठणीत होती, उशीला टेकून बसली होती, आणि एका सदस्याने तर शपथेवर सांगितलं की तिने सूपची दुसरी वाटी मागवली आहे. खरी बातमी कोणाकडेच नव्हती. कळलं होतं ते एवढंच, की काल संध्याकाळी राजधानीहून घरी जाताना तिची गाडी वादळात सोरम गावाबाहेरच्या चरात गेली. रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या ट्रकवाल्याला ती आत छाती धरून बसलेली दिसली. त्याने तिला उचलून सोरमच्या इस्पितळात पोचवलं आणि मग कॅफेत जाऊन ही गोष्ट सगळ्यांना सांगितली.

सोरमचं इस्पितळ बंद करावं, असं विधेयक व्हर्नानेच मांडलेलं होतं. त्यावर आज सकाळी मतदान होतं. गेल्याच आठवड्यात भर सभागृहात तिने त्या इस्पितळाला 'थर्मामीटर असलेलं लॉज' म्हटलं होतं. रुग्णांना शेजारच्या जिल्ह्यात, तिच्या लिंडाऊ गावच्या मोठ्या इस्पितळात न्यावं, असं तिचं म्हणणं. उन्हाळ्यात त्यात काही चूक नव्हती. पण या राज्यात उन्हाळा पाहुण्यासारखा येतो आणि लिंडाऊचा रस्ता नोव्हेंबरपासून कधी असतो, कधी नसतो.

आर्लो आपल्या बाकावर कोट न काढता बसून होता. सोरमचा सिनेटर तो. सात निवडणुका जिंकलेला, समित्या नेमणाऱ्या समितीचा अध्यक्ष, आणि राज्याचं अधिकृत सूप कोणतं हे ठरवणाऱ्या कायद्याचा जनक. पण या सगळ्याच्या आधी तो सोरमच्या धान्यकोठारावर ट्रक तोलायचं काम करायचा. बायकोला, लव्हॉनला, कळा लागल्या त्या दिवशी असंच वादळ होतं. लिंडाऊला निघालेले ते दोघं कोठाराच्या फाटकापुढे जाऊ शकले नाहीत. मुलगी ट्रकमध्येच झाली, तीही वजनकाट्यावर. जन्माच्या दाखल्यात वजन लिहावं लागतं, म्हणून आर्लोने ट्रकचं बाळासकट वजन आणि बाळाला बाहेर घेतल्यावरचं वजन बघितलं. ट्रकचा काटा वीस-वीस पौंडांनीच हलतो. त्यामुळे सरकारदरबारी सॉल्विग ट्वेट जन्मली तेव्हा वीस पौंडांची होती. ही गोष्ट आर्लोने पहिल्या प्रचारसभेत सांगितली, लोक रडेपर्यंत हसले, आणि मग हसता हसता गप्प झाले, कारण प्रत्येकाच्या घरात अशी एखादी गोष्ट होती आणि सगळ्या काही हसण्यासारख्या नव्हत्या. आर्लो निवडून आला. इस्पितळ बांधून झालं. वीस पौंडांची सॉल्विग आज तिथे मुख्य परिचारिका होती.

तेव्हा आज त्याने 'नाही' म्हणायचं, एवढा साधा मामला होता. पण काल संध्याकाळी त्याने व्हर्नाशी जोडी लावली होती.

जोडीची पद्धत सिनेटाइतकीच जुनी. कोणाला गैरहजर राहायचं असलं, की तो आपल्या उलट मताच्या एकाला गाठतो. दोघं हात मिळवतात. मग हजर असलेलाही मत देत नाही. एकाचं 'होय' गेलं, दुसऱ्याचं 'नाही' गेलं, तराजू होता तिथेच राहिला. हे कुठेही लिहून ठेवत नाहीत. नाव पुकारलं की हजर असलेल्याने उभं राहायचं आणि सांगायचं: माझी अमक्यांशी जोडी आहे, त्या इथे असत्या तर असं म्हणाल्या असत्या, मी तसं म्हणालो असतो, म्हणून मी मत देत नाही. जोडी तीनच कारणांनी सुटते. गेलेला परत आला, त्याने आपणहून सोडलं, किंवा तो वारला. लव्हॉन म्हणायची, लग्नाच्या अटी यापेक्षा बऱ्याच सैल असतात.

व्हर्नाने त्याला कोट टांगायच्या खुंट्यांपाशी गाठलं होतं.

"उद्या मला जमणार नाही, आर्लो. दाताचं काम आहे."

"दाताचं?"

"हो. दात." ती डावा दंड दाबत म्हणाली. "मतं तुझ्याकडे जास्त आहेत, मला माहितेय. पण माझं विधेयक पडायचंच असेल तर नीट पडू दे. मी पळाले असं कोणी म्हणायला नको. जोडी?"

"जोडी."

तिचा हात गार आणि ओला होता. दातदुखी कितीदा सोसलेल्या आर्लोला कळलं की हा दात नव्हे. पण व्हर्नाला प्रश्न विचारण्याची सवय त्याला नव्हती. आजवर तो तिला फक्त उत्तरंच देत आला होता.

तेव्हा मतं खरंच त्याच्या बाजूला जास्त होती. मग रात्र सरली आणि सकाळी हार्लन क्विग नावाचा त्याच्याच पक्षातला सदस्य फिरला. क्विगच्या गावात राज्याचं मत्स्यसंग्रहालय काढून द्यायचं पलीकडच्यांनी कबूल केलं होतं. आता जोडी पाळली तर विधेयक एका मताने मंजूर होत होतं. आर्लोने 'नाही' म्हटलं तर बरोबरी व्हायची, आणि बरोबरी झाली की विधेयक पडतं.

"मेलेल्या माणसाशी जोडी नसते," ट्रेंट ओडेगार्ड त्याच्या कानाशी येऊन म्हणाला. ट्रेंट हा त्यांच्या पक्षाचा गटनेता, वयाने आर्लोच्या निम्मा, आणि केस नेहमी ओले असल्यासारखे.

"मेली नाहीये ती."

"तुला काय माहीत?"

"मेली आहे हे तुला काय माहीत?"

"मी तसं कुठे म्हणतोय? मी म्हणतो, खात्री होईपर्यंत आपण चांगलं तेच गृहीत धरू."

"चांगलं म्हणजे कुठलं, ट्रेंट?"

ट्रेंटने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं, मग फोन कर तिला. सोड म्हणावं."

"छाती धरून पडलेल्या बाईला?"

"नम्रपणे सांग ना."

"माझं इस्पितळ वाचवायचंय, तेवढं मरायच्या आधी मला मोकळा कर, असं? नम्रपणे?"

"आर्लो," ट्रेंट खाली वाकला, "तू हात मिळवलास तो दोन माणसांचा मामला. इस्पितळ गेलं तर अख्खा जिल्हा जातो. पुढच्या हिवाळ्यात कोणाची तरी पोर पुन्हा ट्रकमध्ये होईल. तिला सांगशील, माझा हात गुंतला होता म्हणून?"

आर्लोला क्लेटन फ्रूड आठवला. आर्लो सिनेटात नवा असताना फ्रूडने एकदा जोडी मोडली होती. त्याच्याशी कोणी भांडलं नाही. फक्त त्यानंतर त्याचं एकही विधेयक मंजूर झालं नाही. त्याच्या गावच्या मुलींनी बास्केटबॉलचं राज्य विजेतेपद जिंकलं, तेव्हा त्यांच्या अभिनंदनाचा ठराव त्याने आणला. तोही पडला. अभिनंदनाच्या विरोधात मतदान झाल्याचं ते राज्यातलं एकमेव उदाहरण. मुली गॅलरीत बसल्या होत्या, रिबिनी बांधून.

आर्लो उठून बाहेरच्या जिन्यात गेला आणि त्याने सोरमला फोन लावला. काचेबाहेर सगळं पांढरं होतं. झेंड्याचा खांब दिसत होता, झेंडा दिसत नव्हता.

"सोरम इस्पितळ."

"सॉल्वी, मी बोलतोय."

"बाबा, बाप म्हणून फोन केलायस की सिनेटर म्हणून?"

"दोन्ही."

"मग दोघांनाही सांगते. आमच्याकडे कोण आहे आणि कोण नाही, हे आम्हाला सांगता येत नाही. कायदा आहे."

"माहितेय. मीच मंजूर केलाय."

"मग छान केलायस."

"तिची गाडी तुमच्या दारात ओढून आणलीय म्हणे."

"गाडीबद्दल सांगू शकते. गाडीची परिस्थिती गंभीर आहे."

फोनमध्ये मागे कुठेतरी एक यंत्र टिक्‌ टिक्‌ करत होतं. मध्येच ते थांबल्यासारखं वाटलं आणि आर्लोने फोन कानावर घट्ट दाबला. मग ते पुन्हा सुरू झालं.

"लिंडाऊचा रस्ता बंद आहे," सॉल्विग हळू आवाजात म्हणाली. "हेलिकॉप्टरही उडत नाहीये. हे मी हवामानाबद्दल सांगतेय."

"कळलं."

"तिकडे कसं चाललंय?"

"क्विग फिरला. माझं मत लागतंय."

"आणि तू हात देऊन बसलायस."

"हो."

मागे तीच टिक्‌ टिक्‌.

"काय कर ते सांगू?" तिने विचारलं.

"नको."

"बरं झालं. सांगणारही नव्हते. मी ड्युटीवर आहे."

तो परत आत आला तेव्हा दारं लावून घेतली होती आणि नावं पुकारायला सुरुवात झाली होती. आडनावांच्या क्रमाने. आपलं आडनाव यादीच्या शेपटाशी असल्याचा आर्लोला आजवर फायदाच झाला होता. त्याची पाळी येईपर्यंत निकाल लागलेला असायचा आणि मत देताना तो बहुतेक वेळा जेवणाचा विचार करत असायचा. आज जो तो आपलं मत देऊन मान वळवत होता आणि त्याच्याकडे बघत होता.

"आमुंडसन."

"नाही."

"बर्गस्ट्रॉम."

"होय."

"केसल."

तिची खुर्ची रिकामी होती. पाठीवर तिचं करडं लोकरीचं जाकीट टांगलेलं होतं, कोपरापाशी रफू केलेलं. सचिवाने नियमाप्रमाणे थोडं थांबून पुन्हा पुकारलं, "केसल." कोणीतरी खोकलं. ट्रेंटने हातातलं पेन टोपणात घातलं, काढलं, घातलं.

"ओडेगार्ड."

"नाही," ट्रेंट म्हणाला, आणि ते आर्लोला म्हटल्यासारखं म्हणाला.

"क्विग."

क्विग इतक्या हळू 'होय' म्हणाला की सचिवाने त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

"ट्वेट."

आर्लो उभा राहिला. गुडघ्यांचा कडकड आवाज माइकने टिपला आणि सभागृहभर ऐकवला. अध्यक्षस्थानी उपराज्यपाल मिरियम स्टॉक होत्या, पूर्वाश्रमीच्या मुख्याध्यापिका. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"सभापती महोदया, माझी लिंडाऊच्या सदस्या केसल यांच्याशी जोडी आहे."

ट्रेंटने डोळे मिटून घेतले. पलीकडच्या बाकांवर एकाने शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली.

"मी मत दिलं असतं तर 'नाही' दिलं असतं," आर्लो पुढे म्हणाला. "त्या इथे असत्या तर त्यांनी..."

एकच शब्द उरला होता. हे वाक्य त्याने आजवर कितीतरी वेळा डोळे झाकून म्हटलं होतं. पण आता तो शब्द ओठांवर येईना. खुर्चीवरचं जाकीट आणि फोनमधली टिक्‌ टिक्‌ मध्ये येत होती. नोंद व्हायची होती, ती खरी व्हायला हवी होती, आणि खरं काय ते त्याला माहीत नव्हतं.

"त्या इथे असत्या तर?" मिरियमबाईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"मला माहीत नाही."

सभागृहात कुजबुज उठली. पलीकडचा प्रतोद ताडकन उभा राहिला. "माहीत नाही म्हणजे? विधेयक तिचं आहे. आपल्याच विधेयकावर ती काय म्हणेल हे माहीत नाही?"

"काल माहीत होतं," आर्लो म्हणाला.

"कालपासून असं काय झालं?"

"ती त्या इस्पितळात गेली."

मिरियमबाईंनी नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं. बराच वेळ पानं उलटली. एका पानावर थांबल्या, तेव्हा सगळे सावरून बसले. तिथे वाळलेलं फूल होतं. त्यांनी पुस्तक मिटलं.

"जोडीला दोन उलटी मतं लागतात," त्या म्हणाल्या. "एक माहीत नसेल तर जोडी आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. फोन लावा."

सचिवाच्या टेबलावरचा फोन ओढून माइकसमोर ठेवण्यात आला. सगळ्या सभागृहात घंटी घणघणली.

"सोरम इस्पितळ."

"मी राज्याची उपराज्यपाल बोलतेय."

"अभिनंदन," सॉल्विग म्हणाली.

"सदस्या केसल तिथे आहेत का?"

"सांगता येत नाही."

"बाई, इथे अख्खं सिनेट खोळंबलंय."

"इथेही सगळे खोळंबलेत, फक्त आडवे होऊन. असा कोणी रुग्ण असेल तर बोलायचं की नाही ते त्यानेच ठरवायचं. असला तर विचारून बघते."

बूट वाजत दूर गेले. मग एक दार. मग टिक्‌ टिक्‌, आता छताला लावलेल्या कर्ण्यांतून, प्रत्येक बाकापर्यंत. दोन्ही पक्षांचे लोक ती ऐकत बसले. मघाशी जे तिला मेलेली म्हणत होते त्यांनाही आता ती टिक्‌ टिक्‌ थांबायला नको होती, आणि जे ठणठणीत म्हणत होते त्यांचे चेहरे उतरले होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"कोण आहे?" आवाज कागदाइतका पातळ होता, पण व्हर्नाचाच.

"मिरियम. सदस्या केसल, एकच प्रश्न. तुम्ही इथे असतात तर काय मत दिलं असतंत?"

"मी तिथे असते तर इथे नसते."

"बरोबर."

"आणि काल इथे नसते," तिने दम घेतला, "तर आज कुठेच नसते."

मिरियमबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे 'होय' की 'नाही'?"

"विधेयक माझं आहे. माझ्या तोंडून त्याच्याविरुद्ध एक शब्द निघणार नाही. डॉक्टरांनी मला वाचवलंय, पण लिंडाऊचे लोक परत मारतील."

"तर मग 'होय' लिहा ना," प्रतोद घाईने म्हणाला. "सभापती महोदया, झालं की. जोडी कायम."

आर्लो अजून उभाच होता. बसायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्याने बाकाची कड धरली. हे असंच होणार हे जणू त्याला ठाऊक होतं. त्याने ओठ उघडून 'मी मत देत नाही' म्हणायचं, तेवढंच राहिलं होतं.

"आर्लो आहे का तिथे?" व्हर्नाने विचारलं.

"आहे," तो म्हणाला.

"किती मतांनी पाडतोस?"

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रतोदाने मिरियमबाईंकडे हात केला, पण त्यांनी त्याला बोटानेच बसवलं.

"पडत नाहीये, व्हर्ना," आर्लो म्हणाला. "क्विग सकाळी फिरला. एका मताने तू जिंकतेयस."

टिक्‌ टिक्‌ थोडी वेगात झाली. मागे सॉल्विग 'हळू, हळू' म्हणाली.

"मासे?" व्हर्नाने विचारलं.

"मासे."

"तरी मी त्यांना सांगितलं होतं, मासे देऊ नका म्हणून." पुन्हा दम. "म्हणजे तुझ्या एका मताने हे इस्पितळ वाचत होतं, आणि तू तिथे उभा राहून माझ्याशी जोडी आहे म्हणून सांगत होतास?"

"हो."

"मला फोन का नाही केलास?"

"तुझं दाताचं काम होतं ना."

कर्ण्यांतून काहीतरी खरखर आली. ती हसतेय की तिला काही होतंय, हे कोणालाच कळेना. ट्रेंट अर्धवट उठला. मग आवाज आला, आधीपेक्षाही पातळ.

"मूर्ख माणूस आहेस तू, आर्लो. मिरियम, नोंद करून घे. मी आर्लो ट्वेटला सोडलं. माझं विधेयक चांगलंच आहे. पण ते या गाढवाच्या चांगुलपणावर मंजूर झालं असं मला आयुष्यभर ऐकून घ्यायचं नाहीये, आणि आयुष्य आता थोडं आणखी आहे म्हणतात."

"सभापती महोदया, ही बाई औषधांच्या अमलाखाली आहे," प्रतोद म्हणाला.

"या सभागृहात त्याने कोणाचं मत रद्द झाल्याचं मला आठवत नाही," मिरियमबाई म्हणाल्या. "जोडी सुटली. सचिव, पुन्हा पुकारा."

"ट्वेट."

"नाही," आर्लो म्हणाला. आणि मग तो बसला.

वांग्सनेसने 'नाही' म्हटलं, झिमरने 'होय' म्हटलं, आणि सचिवाने बेरीज दोनदा तपासली. बरोबरी. मिरियमबाईंनी हातोडी आपटली. विधेयक पडलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ट्रेंट आर्लोच्या खांद्यावर हात ठेवायला आला आणि तिथे पोचल्यावर त्याला तो हात कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून त्याने बाकावरची धूळ झटकली.

फोन अजून चालूच होता.

"पुढच्या अधिवेशनात पुन्हा आणणार आहे मी ते," व्हर्ना म्हणाली. "ऐकतोयस ना, आर्लो?"

"ऐकतोय."

"आणि तुझ्या त्या अधिकृत सूपात इथे मीठ घालत नाहीत. दुसरी वाटी मागितली तर तीही देत नाहीत. याला इस्पितळ म्हणतात?"

पलीकडच्या बाकांवरचा सूपवाला सदस्य विजयी नजरेने सगळीकडे बघू लागला.

"बस झालं आता," सॉल्विगचा आवाज आला, आणि काहीतरी हिसकावून घेतल्यासारखी खुडबुड झाली. "रुग्णाला झोपायचंय. आणि तुमच्या नोंदीसाठी सांगते, असा कोणी रुग्ण आमच्याकडे नाही."